उपकरण वापरात आहे

माइक विकत घ्यायला आम्ही दोघंच गेलो होतो, बाबा आणि मी. दुकान लहानसं, मोबाइलची कव्हरं आणि वायरींची भेंडोळी यांनी गच्च भरलेलं. दुकानदार मान खाली घालून कुणाचा तरी फोन उघडत बसला होता. बाबांनी विचारलं, "बोलणं स्वच्छ टिपेल असा माइक आहे का हो?" आणि तो माणूस बारीक स्क्रू तसाच चिमटीत धरून वर बघायला लागला.

"तुम्ही… बसस्थानकावरचे ना?"

बाबा हसले. असं नेहमीच व्हायचं. नोकरीची सगळी वर्षं ते स्थानकातल्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारत आले होते. त्यांना पाहिलेलं फारसं कुणी नव्हतं, ऐकलेलं मात्र सगळ्यांनीच. रांगेत उभं असताना त्यांनी तोंड उघडलं की आजूबाजूचे लोक नकळत आपापल्या पिशव्या उचलायचे.

"आवाज बसलाय जरा तुमचा," दुकानदार म्हणाला.

"बसलाय खरा," बाबा म्हणाले. "आता उठून जाणार आहे."

दुकानदार खळखळून हसला. मला हसू आलं नाही. बाबांच्या गळ्यात गाठ निघाली होती. डॉक्टर स्वरयंत्रच काढून टाकणार होते. पुढे बाबा गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेणार होते, आणि बोलणं कायमचं बंद होणार होतं. इस्पितळातल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी एक मार्ग सुचवला होता. ऑपरेशनच्या आधी जमेल तेवढं वाचून, बोलून रेकॉर्ड करून ठेवा. त्या रेकॉर्डिंगवरून असा प्रोग्रॅम तयार करता येतो, की आपण मजकूर टाइप करायचा आणि यंत्राने तो बाबांच्या आवाजात बोलायचा. बाईंनी हे सांगितलं तेव्हा आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

घरचा कॉम्प्युटर जुना, त्यात जागा नाही. म्हणून त्याच दुकानातून एक हार्ड डिस्कही घेतली. काळी, साबणाच्या वडीएवढी. बाबांनी ती तळहातावर तोलून पाहिली आणि म्हणाले, "एवढ्याशात मावणार मी?"

मागच्या खोलीच्या खिडकीला आम्ही जुनी पांघरुणं बांधली, म्हणजे रस्त्याचा आवाज येऊ नये. बाबा रोज दुपारी तिथे बसायचे. बाईंनी दिलेली वाक्यं वाचायचे, पेपरातल्या बातम्या वाचायचे, कंटाळा आला की गाड्या पुकारायचे. एक दिवस त्यांनी दार लावून घेतलं आणि बराच वेळ बोलत राहिले. आई दाराशी घुटमळली तशी आतून म्हणाले, "तुझ्यासाठीच आहे. पण आत्ता नाही, नंतर ऐकायचं." आई लाजली. त्या वयातही.

रेकॉर्डिंग संपलं की हार्ड डिस्क काढण्याचा एक सोहळाच व्हायचा. बाबांनी कॉम्प्युटर मराठीत करून घेतला होता. सगळं बंद करायचं, कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक करायचं, आणि पडद्यावर संदेश आला की तो स्थानकातल्या सुरात मोठ्याने वाचायचा: "हे उपकरण आता सुरक्षितपणे काढता येईल. प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी!" स्वयंपाकघरात आम्ही हसून बेजार व्हायचो.

दादाचं सगळं याच्या उलट. माझा थोरला भाऊ व्हिडिओ एडिटिंग करतो. त्याच्या खिशात, बॅगेत, गाडीत हार्ड डिस्क लोळत असायच्या, आणि काम झालं की वायर धरायची आणि खसकन उपटायची, ही त्याची पद्धत. बाबा त्याला म्हणायचे, "अरे, चालत्या गाडीतून कुणी उडी मारतं का? आत काही लिहिणं चालू असतं. ते थांबू दे, मग काढ." दादा म्हणायचा, "बाबा, आजवर काही झालंय का?" खरंच काही झालेलं नव्हतं.

ऑपरेशनसाठी दाखल व्हायचं त्याच्या आदल्या दुपारी मी आईला घेऊन इस्पितळात गेले. रक्त तपासायचं, सह्या करायच्या, खोली बघायची. निघताना दादाला सांगितलं, "बाबांच्या डिस्कची एक कॉपी करून ठेव. बाईंना द्यायचीय." बाबा बाहेरच्या खोलीत पडून होते. गळा दुखत होता, पण जाताना मला म्हणाले, "लवकर ये गं. आज गप्पा मारू पोटभर."

आम्ही परत आलो तेव्हा अंधारून आलं होतं. बाबा गप्प होते. मी काही विचारलं की मान हलवायचे, हसायचे आणि ओठांवर बोट ठेवायचे. दादा म्हणाला, "गळ्याला आराम देतायत. बोलू नका म्हटलंय मी." मला ते पटलं. डॉक्टरांनीच सांगितलं असेल असं वाटलं. दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण त्या दिवशी कुणाचा चेहरा ठिकाणावर होता?

दुसऱ्या दिवशी बाबा दाखल झाले. ऑपरेशन नीट पार पडलं.

बाबा घरी आले ते गळ्याला पट्टी आणि हातात छोटा पांढरा फळा घेऊन. श्वास आता गळ्यातून यायचा. आत जाताना बारीक शिट्टी वाजायची, बाहेर येताना ओलसर फरफर. पहिले काही दिवस ऐकवायचं नाही, मग सवय झाली. बाबा घरात कुठे आहेत ते त्यावरून कळायचं.

दादा आला की बाबा फळ्यावर एकच शब्द लिहायचे. 'तयार?'

"होतंय बाबा," दादा म्हणायचा. "डिस्क बाईंच्या लोकांकडे दिलीय. खूप रेकॉर्डिंग आहे ना, वेळ लागतो."

बाबा मान डोलवायचे. पुन्हा पुढच्या खेपेला तेच. 'तयार?' आणि तेच उत्तर. मी एकदा म्हटलं, मीच बाईंना फोन करून विचारते, तर दादा अंगावर आला. "तू मध्ये पडू नकोस, मी बघतोय ना!" मी म्हटलं, असू दे, घेतलंय त्याने मनावर.

मग एक दिवस बाबांनी विचारणं सोडून दिलं. दादा समोर बसला की फळा पालथा घालून मांडीवर ठेवायचे आणि त्याच्याकडे बघत राहायचे. रागाने नव्हे. फलाटावर माणूस उशिरा येणाऱ्या गाडीच्या वाटेकडे बघतो, तसं. दादाचं येणं कमी कमी होत गेलं.

थंडीत बाबांच्या छातीत कफ साठला आणि ताप चढला. इस्पितळातल्या वॉर्डात दादा उशाशी होता. बाबांनी त्याचं मनगट धरलं आणि ओठ हलवले. काही तरी विचारत होते. दादा वाकला आणि म्हणाला, "होईल बाबा. याच आठवड्यात होईल." बाबांनी मनगट सोडलं. तासाभराने ती शिट्टी थांबली.

इथवर यात भुताखेताचं काही नाही. ते पुढे आहे. आणि भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं त्यांनी हे नीट ऐकावं, कारण हे सगळं दिवसाउजेडी झालं, बाहेर ऊन असताना.

बाबांना जाऊन काही आठवडे झाले होते. मी आईकडेच राहायला आले होते. एक दिवस आईने दादाला फोन लावला. "तो प्रोग्रॅम तयार होवो न होवो," ती म्हणाली, "त्यांची ती काळी डबी मला आणून दे. त्यात माझ्यासाठी काही तरी ठेवलंय त्यांनी."

दादाने टाळायचा प्रयत्न केला. आईने ऐकलं नाही. रविवारी दुपारी तो आला. शर्टाच्या खिशातून डिस्क काढली आणि तडक मागच्या खोलीत गेला. खोली बाबांच्या वेळची होती तशीच होती. खिडकीवरची पांघरुणं आम्ही काढली नव्हती, त्यामुळे आत करडा, शिळा उजेड. औषधाचा आणि धुळीचा वास. माइक मी खोक्यात घालून कपाटावर ठेवला होता.

आई दाराशी खुर्ची ओढून बसली. दादा कॉम्प्युटर चालू करता करता म्हणाला, "आई, एक सांगून ठेवतो. अशा डिस्क कधी कधी अचानक बिघडतात. आपल्या हातात काही नसतं."

"लाव तर," आई म्हणाली.

त्याने वायर जोडली. डिस्कवरचा निळा दिवा लागला. पडद्यावर तिचं चिन्ह आलं आणि तिच्या आतली यादी उघडली. दादा खुर्चीतून अर्धवट उठला.

"ही चालते कशी?" तो पुटपुटला.

"म्हणजे?" मी विचारलं.

त्याने माउस पुढे ओढला. आत बघितलं तर बाबांचं एकही रेकॉर्डिंग नव्हतं. ना वाक्यं, ना बातम्या. नुसती एक आवाजाची फाइल, तिला नाव नव्हतं. तारीख आजची. आणि तिच्यापुढचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत वाढत होता. टाकी भरत जावी तसा, सावकाश. काही तरी रेकॉर्ड होत होतं. आत्ता.

"माइक तर खोक्यात आहे," मी म्हटलं.

दादाने घाईघाईने सगळं बंद केलं आणि कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक केलं. मला नवल वाटलं. हा माणूस आणि डिस्क अशी रीतसर काढतोय? पडद्यावर संदेश आला.

हे उपकरण वापरात आहे. वापर थांबवून पुन्हा प्रयत्न करा.

त्याने पुन्हा केलं. पुन्हा तेच. कॉम्प्युटर बंद करायला घेतला, तो बंद होईना. पडदा काळा व्हायचा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत तेवढीच ओळ उरायची. हे उपकरण वापरात आहे.

"कोण वापरतंय?" मी हसत म्हणायचा प्रयत्न केला.

मी वायरीकडे हात नेला तसं दादाने माझं मनगट पकडलं. त्याचा तळवा घामाने थबथबला होता. "नको… ओढू नकोस. आत लिहिणं चालू असेल."

"अरे, पण आत आहे कुठे काही?"

"ओढू नकोस म्हणतो ना!"

शेवटी डिस्क तशीच लावलेली ठेवून आम्ही बाहेर आलो. दादा जेवला नाही, पाणीसुद्धा न पिता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. परत आले तेव्हा आई स्वयंपाकघरात उभी होती, पाठ मागच्या खोलीच्या भिंतीला टेकवून.

"दुपारी आला होतास… आली होतीस का गं तू मध्ये?" तिने विचारलं. ती कधी अशी चुकत नाही.

"नाही. का?"

"मागच्या खोलीत कुणी तरी श्वास घेत होतं."

मी आत जाऊन बघितलं. दिवा लुकलुकत होता. डिस्कवर हात ठेवला आणि झटकन काढला. ती गरम होती, ते ठीक. पण आत काही थरथरत होतं, थांबत होतं, पुन्हा थरथरत होतं. झोपलेल्या माणसाच्या गळ्यावर हात ठेवल्यासारखं.

मी दादाला फोन केला. "ये," एवढंच म्हटलं.

तो आला तेव्हा बाहेर अजून उजेड होता. मुलं रस्त्यावर सायकली फिरवत होती, कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली आणि दादा दचकला. आम्ही तिघं त्या खोलीत गेलो. आई म्हणाली, "ती फाइल लाव."

"आई, कशाला…"

"लाव."

त्याने लावली. आधी काहीच नाही, नुसती खोलीची शांतता. मग बारीक शिट्टी. आणि ओलसर फरफर. शिट्टी… फरफर. बाबा कपाटाशेजारी उभे असल्यासारखा तो आवाज स्पीकरमधून येत होता. आईने डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, तेच मला जास्त भयंकर वाटलं.

थोड्या वेळाने श्वासाची लय बदलली. एक लांब, दोन आखूड, मग थांबणं. मग सलग लांब लांब, शेवटी वर चढणारा. पुन्हा तेच. आवाज नव्हता, शब्द नव्हते, नुसती हवा. पण ज्यांनी जन्मभर ते ऐकलं त्यांना शब्दांची गरज नव्हती. बाबा पुकारत होते. स्थानकात कुणाची चुकामूक झाली की ते पुकारायचे तसं. अमुक प्रवाशाने… जिथे असेल तिथून… चौकशी खिडकीपाशी यावं. आपली माणसं वाट पाहत आहेत.

जिथे त्या प्रवाशाचं नाव यायचं, तिथे दोन आखूड श्वास होते. दादाच्या घरच्या नावाची दोनच अक्षरं आहेत.

दादा जमिनीवर बसला.

आई उठली. कपाटावरचं खोकं काढून तिने माइक बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. "मला ठाऊक नाही तू काय केलंयस," ती म्हणाली. "पण त्यांना ठाऊक होतं. फळ्यावर विचारायचं का थांबवलंत म्हणून मी त्यांना विचारलं होतं. त्यांनी नुसता हात हलवला. जाऊ दे, सांगेल तो, असा. वाट बघत गेले ते. आता मला नको सांगूस. त्यांना सांग."

आम्ही दोघी बाहेर आलो. तिने दार लोटलं, लावलं नाही. फटीतून त्याचं बोलणं ऐकू येत होतं.

"बाबा," तो म्हणाला, आणि बराच वेळ काहीच नाही. "बाबा, त्या दुपारी मी कॉपी लावली होती. नुकतीच सुरू झाली होती. मला फोन आला. गिऱ्हाईक ओरडत होतं, काम आत्ताच्या आत्ता पाठव म्हणून. माझी वायर सापडेना. तुमच्या डिस्कलाही तसलीच वायर होती. मी… ओढली. कॉपी चालू असताना. सवयीने ओढली."

थांबला.

"काम पाठवून परत लावली, तर आतून टक… टक… असं यायला लागलं. पडदा म्हणाला, फॉरमॅट करावं लागेल. सगळं गेलं होतं. तुमचं सगळं. आईसाठीचंसुद्धा."

पुन्हा थांबला. या वेळी जास्त.

"आणि तुम्ही दारात आलात. म्हणालात, झालं का रे? काही राहिलं असेल तर सांग, अजून गळा चालतोय, बसतो मी वाचायला." दादाचा आवाज फुटला. "ती अख्खी संध्याकाळ होती बाबा. रात्र होती. सगळं नाही, निदान थोडं तरी परत बोलला असतात. आईचं तरी. मला एवढंच म्हणायचं होतं, की चुकलं माझं, परत बसा. मला लाज वाटली. आजवर काही झालंय का, असं तुम्हालाच ऐकवायचो ना मी. मी म्हटलं, झालं सगळं. काही राहिलं नाही. आता बोलू नका, गळ्याला आराम द्या. आणि तुम्ही… तुम्ही माझं ऐकलंत. नंतर एक शब्द बोलला नाहीत. शेवटची संध्याकाळ तुम्ही मी सांगितलं म्हणून गप्प बसलात."

माझ्या शेजारी आई भिंतीला धरून उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत नव्हता.

"ठिकठिकाणी दाखवली डिस्क. सगळे म्हणाले, आता हाती काही लागायचं नाही. मग मी खोटं बोलत राहिलो. वॉर्डातसुद्धा. कालही खोटं बोलायलाच आलो होतो, आईसमोर लावायची आणि बिघडली म्हणायचं. एवढंच आहे बाबा. एवढंच."

मग बराच वेळ शांतता. मग खुर्ची सरकली आणि क्लिकचा आवाज आला. दादाने आतून हाक मारली. आम्ही गेलो. पडद्यावर लिहिलं होतं: हे उपकरण आता सुरक्षितपणे काढता येईल. निळा दिवा विझला होता. दादाने वायर हलकेच काढली आणि डिस्क दोन्ही हातांत धरून लहान मुलासारखा रडला. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ तो काढला नाही. मला वाटलं, सुटला. आम्ही सगळेच सुटलो.

मी चहा केला. तिघांनी तो त्याच खोलीत बसून प्यायला. मी खिडकीवरची पांघरुणं सोडली आणि मावळतीचं ऊन आत आलं. कितीतरी दिवसांनी ती खोली घरातली वाटली.

कप खाली ठेवता ठेवता आई म्हणाली, "तू बोललास ते मी ऐकलं. पण मध्ये मध्ये थांबत होतास, ते कशासाठी?"

"सुचत नव्हतं," दादा म्हणाला. "शब्द जुळवत होतो."

"मला परत ऐकायचंय."

"आई, पुरे झालं ना आता," मी म्हटलं.

"त्या डबीत उरलंय काय आता? निदान लेकाचं खरं बोलणं तरी ऐकू दे."

दादाने नाइलाजाने डिस्क पुन्हा जोडली. दिवा लागला. फाइल एकच होती, आता तिचा आकडा स्थिर होता. त्याने ती लावली. आधीचे श्वास तिच्यात उरले नव्हते.

"बाबा," स्पीकरमधून दादा म्हणाला. आणि त्या बराच वेळ काहीच नसलेल्या जागेत कुणी तरी म्हणालं, "हं."

श्वास नव्हे. शिट्टी नव्हे. आवाज. ऑपरेशनच्या आधीचा, गाठ निघायच्याही आधीचा, स्थानकातला भरदार, स्वच्छ आवाज. गोष्ट ऐकताना माणूस हुंकार देतो तसा.

"सवयीने ओढली."

"हं."

"आईसाठीचंसुद्धा."

"…हं."

दादाचे ओठ हलत होते. "मी बोलताना हे नव्हतं," तो कुजबुजला. "देवाशपथ. खोलीत काही नव्हतं…" मी त्याचा हात धरला. रेकॉर्डिंग पुढे चाललंच होतं. गप्प बसलेली संध्याकाळ झाली, वॉर्ड झाला, कालचं खोटं झालं. प्रत्येक ठिकाणी तो हुंकार, न रागावता, न घाई करता. मग दादाचे शेवटचे शब्द आले. एवढंच आहे बाबा. एवढंच.

त्यानंतरच्या शांततेत आम्ही तिघंही पडद्याकडे बघत होतो. मला वाटलं, संपलं.

"आणि?" बाबांनी विचारलं.

मी दादाकडे वळले. त्याच्या तोंडावरचा रंग मी आयुष्यात विसरणार नाही. तो भुताला भ्यायलेल्या माणसाचा चेहरा नव्हता. पकडला गेलेल्या माणसाचा होता.

"अजून काय राहिलंय, दादा?"

त्याने मान हलवली. नाही, नाही, अशी. स्पीकर आता मुका होता; फाइल मात्र संपलेली नव्हती, तिच्यापुढचा आकडा पुन्हा सावकाश वाढायला लागला होता.

आणि आई, जी इतका वेळ दाराशी बसून ऐकत होती, तिने पदर सारखा केला, कॉम्प्युटरच्या बाजूला तोंड केलं आणि रोजच्या आवाजात म्हणाली,

"थांबा हो जरा. सांगेल तो."